कॉलेज बास्केटबॉल: हरलेला संघ एका उन्हाळ्यात नव्याने कसा उभा करतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

२०२३-२४ च्या हंगामात अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या तीन मोठ्या विद्यापीठांचा निकाल तंतोतंत सारखा लागला. लुईव्हिल, मिशिगन आणि मिसूरी या तिघांच्या नावावर ८ विजय आणि २४ पराभव होते. पुढच्या वर्षी लुईव्हिलने २७ सामने जिंकले, मिशिगननेही २७ आणि मिसूरीने २२. तिघेही मार्चमधल्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचले. मधल्या सहा-सात महिन्यांत नेमकं काय घडतं, हे तिकडे शिकायला गेलेल्या मुलांचे आईवडील विचारतात, तिकडेच वाढलेली भाचरं विचारतात आणि इथे पहाटे उठून सामने बघणारेही विचारतात. वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं पुरुषांच्या पहिल्या श्रेणीबद्दल आहेत. महिलांच्या संघांसाठी प्रश्न १८ पाहा.

१. ऑफसीझन म्हणजे नेमका कोणता काळ?

राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होते आणि नवा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. मधला सगळा काळ ऑफसीझन. हरलेल्या संघाचा ऑफसीझन मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच सुरू होतो, कारण कॉन्फरन्सच्या (म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) स्पर्धेत पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागतो. कोचची हकालपट्टीही त्याच आठवड्यात होते. संघाची खरी बांधणी मार्चअखेर ते मे एवढ्यातच उरकते. जून ते ऑक्टोबर हा गोळा केलेल्या माणसांना एकत्र खेळायला शिकवण्याचा काळ.

२. हे आयपीएलच्या लिलावासारखंच आहे का?

वरवर तसं वाटतं, पण मोठा फरक आहे. लिलावात संघ खेळाडू निवडतो आणि जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे खेळाडूला जावं लागतं. इथे शेवटचा शब्द खेळाडूचा असतो. कमी पैसे देणाऱ्या कॉलेजात तो जाऊ शकतो, कारण तिथे त्याला जास्त खेळायला मिळणार असतं, घर जवळ असतं किंवा कोच ओळखीचा असतो. म्हणून पडलेल्या संघाच्या कोचला पहिल्या दिवसापासून मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची मनं वळवावी लागतात. आणखी एक, इथे दरवर्षी जवळपास सगळेच मोकळे असतात. याचा त्रास प्रश्न १९ मध्ये आहे.

३. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे काय? पूर्वीही मुलं कॉलेज बदलतच होती ना?

बदलत होती, पण एक वर्ष बाकावर बसून. पोर्टल ही कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची अधिकृत यादी आहे आणि ती ऑक्टोबर २०१८ पासून आहे. खेळाडू आपल्या कॉलेजला लेखी कळवतो, कॉलेजला दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचं नाव यादीत टाकावंच लागतं आणि त्यानंतर इतर कोच त्याच्याशी बोलू शकतात. त्याआधी बोलणं नियमबाह्य.

खरा पालट एप्रिल २०२१ मध्ये झाला. पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला लगेच खेळण्याची मुभा मिळाली. न्यायालयीन लढाईनंतर २०२४ पासून, अभ्यास नीट असेल तर, कितीही वेळा बदलणाऱ्यालाही ती आहे. यादीत नाव टाकायची मुदत मात्र आखडत गेली. २०२५ मध्ये ती ३० दिवसांची होती, २४ मार्च ते २२ एप्रिल. २०२६ पासून ती १५ दिवसांची आहे आणि अंतिम लढतीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. कोच बदलला तर त्या संघातल्या मुलांना वेगळी मुदत मिळते. ही मुदत नाव टाकण्याची आहे. नवं कॉलेज त्यानंतरही निवडता येतं.

४. संघात जागा किती असतात?

२०२४-२५ पर्यंत १३ शिष्यवृत्त्या असायच्या. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांना एकूण १५ खेळाडू ठेवता येतात आणि सगळ्यांना शिष्यवृत्ती देता येते. पण नियमित खेळतात ते आठ किंवा नऊ. बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. चांगला कोच नावांआधी ही २०० मिनिटं मोजतो. १५ चांगले खेळाडू आणले आणि त्यातल्या बाराजणांना २५ मिनिटांचा शब्द दिला, तर डिसेंबरमध्ये भांडणं ठरलेलीच.

५. नवा कोच आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करतो?

एकाच वेळी तीन आघाड्यांवर काम चालतं आणि त्यातली एकही पुढे ढकलता येत नाही.

पहिलं, आहेत त्या मुलांशी बोलणं. मागचा हंगाम वाईट गेला, ज्या माणसाने त्यांना आणलं तो गेला, त्यामुळे बरीचशी मुलं आधीच पोर्टलमध्ये असतात. काहींना मुळीच अडवायचं नसतं, पण दोघा-तिघांना थांबवणं फार मोलाचं ठरतं (प्रश्न ६).

दुसरं, आपल्या जुन्या कॉलेजातून कोणाला सोबत न्यायचं ते ठरवणं. पॅट केल्सी मार्च २०२४ मध्ये कॉलेज ऑफ चार्ल्सटनहून लुईव्हिलला आले, तेव्हा रेन स्मिथ, जेम्स स्कॉट आणि कोबी रॉजर्स हे तिघे मागोमाग आले. त्याच सुमारास डस्टी मे फ्लोरिडा अटलांटिकहून मिशिगनला गेले आणि सात फुटी व्लाद गोल्डिन त्यांच्याबरोबर गेला. अशा खेळाडूचा उपयोग गुणांपुरता नसतो. कोचला काय हवं आहे हे त्याला आधीच माहीत असतं. सरावात बाकीचे अडखळतात तेव्हा तो त्यांना दाखवून देतो. जूनमध्ये कोच सगळीकडे पुरा पडत नाही, म्हणून असा एक तरी माणूस हवाच.

तिसरं, आपला संघ कसा खेळणार हे पक्कं करणं. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आणि घाईत सगळ्यात आधी हेच बाजूला पडतं. लुईव्हिलचा संघ वेगाने पळणार, भरमसाट तीन गुणांचे फटके मारणार आणि समोरच्याला पूर्ण मैदानभर त्रास देणार, हे केल्सींच्या डोक्यात पक्कं होतं. म्हणून पोर्टलमधल्या हजारो नावांतून त्यांना थोडीच नावं बघावी लागली. ज्याचं हे ठरलेलं नसतं तो कोच यादीत सर्वांत वरचं नाव मागतो आणि मग त्याच्याभोवती खेळ बसवत बसतो.

६. हरलेल्या संघातले कोणते खेळाडू ठेवायचे?

८-२४ च्या संघातही चांगले खेळाडू असतात. बरेचदा चुकीच्या भूमिकेत अडकलेले असतात, एवढंच.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण कॅन्सस स्टेटचं आहे. २०२१-२२ मध्ये तो संघ १४-१७ असा संपला. जेरोम टँग नवे कोच म्हणून आले तेव्हा संघात दोनच खेळाडू उरले होते. त्यातला एक मार्क्विस नोवेल, जेमतेम पाच फूट आठ इंचांचा गार्ड. टँग यांनी चेंडू त्याच्या हातात सोपवला. बाकी संघ बाहेरून भरला. डिसेंबर २०२० मध्ये फ्लोरिडाकडून खेळताना मैदानावर कोसळलेला कीऑन्टे जॉन्सन इथेच पुन्हा उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर मिशिगन स्टेटविरुद्ध नोवेलने १९ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) दिले. राष्ट्रीय स्पर्धेच्या एका सामन्यातला तो विक्रम आहे. कॅन्सस स्टेट शेवटच्या आठ संघांत पोहोचला. टँग यांनी नोवेलला थांबवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मिशिगनमध्ये निमारी बर्नेट आणि विल चेटर थांबले. दोघेही तारे नव्हते, पण बदललेल्या संघात प्रत्येकाला नेमून दिलेलं काम चोख करणारे लागतात आणि ते दोघे तसे होते.

ठेवताना मी तीन गोष्टी बघेन. संघ २० गुणांनी मागे असताना हा मुलगा बचावात धावत परत येत होता का? कमी मिनिटं मिळाली तेव्हा त्याचा चेहरा आणि सराव बदलला का? आणि नव्या खेळात त्याच्यासाठी खरी जागा आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते एप्रिलमध्येच त्याला सांगणं हा साधा प्रामाणिकपणा आहे (प्रश्न १६).

७. आधी कोणत्या जागेवरचा खेळाडू शोधायचा?

पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा. यात मतभेद आहेत, पण माझं मत ठाम आहे. लुईव्हिलने विस्कॉन्सिनहून चकी हेपबर्नला आणलं आणि पुढचं सगळं सोपं झालं. तो चेंडू सांभाळायचा, चोरायचा आणि समोरच्या संघाच्या सर्वोत्तम गार्डला हैराण करायचा. चांगला पॉइंट गार्ड आधी आला की उंच खेळाडू आणि नेमबाज आपणहून होकार देतात, कारण आपल्याला चेंडू मिळणार हे त्यांना दिसतं.

अपवाद मिशिगनचा. डस्टी मे यांनी येलहून डॅनी वूल्फ आणला. हा सात फुटांचा, आणि चेंडू घेऊन पुढे जाण्याचं काम बरंचसं त्यानेच केलं. गोल्डिन आणि वूल्फ असे दोन सात फुटी एकत्र खेळवणं धाडसाचं होतं. संघाकडून चेंडू फार सांडला, पण बिग टेन कॉन्फरन्सची स्पर्धा त्यांनी जिंकली. ज्या कोचला अशा जोडीचं काय करायचं हे ठाऊक आहे, त्यानेच हा रस्ता धरावा.

८. छोट्या कॉलेजात २० गुण काढणारा मोठ्या कॉन्फरन्समध्येही तितकेच काढेल का?

बहुधा नाही, पण तरी तो हवाहवासा असू शकतो. छोट्या संघातला मुख्य खेळाडू दर तीन-चार चढायांतली एक तरी स्वतः संपवतो. मोठ्या संघात त्याच्या वाट्याला तेवढा चेंडू येत नाही आणि समोरचे बचावपटू उंच, ताकदवान असतात. म्हणून सरासरी गुणांकडे कमी बघावं. माझ्या अनुभवात बरोबर प्रवास करणाऱ्या गोष्टी म्हणजे पासिंग, रीबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतरचा चेंडू) पकडण्याचं प्रमाण, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची) टक्केवारी आणि पाय चपळ हलवत केलेला बचाव. रिंगजवळ बुटक्या बचावपटूंवरून काढलेले गुण मात्र बरेचदा मागेच राहतात.

आकड्यांसाठी केन पॉमरॉय आणि बार्ट टॉर्विक यांच्या क्रमवाऱ्या बहुतेक सगळेच वापरतात, कारण त्या प्रतिस्पर्ध्याची ताकद हिशेबात धरतात. पण त्याहून जास्त उपयोगी म्हणजे छोट्या संघाने मोठ्या संघाविरुद्ध खेळलेले ते चार-पाच सामने बघणं. जेम्स मॅडिसनचा टेरेन्स एडवर्ड्स सन बेल्ट कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याच्या संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगन स्टेटला त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं आणि मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत विस्कॉन्सिनला ७२-६१ असं. विस्कॉन्सिनचा गार्ड होता चकी हेपबर्न. काही आठवड्यांत हेपबर्न आणि एडवर्ड्स दोघेही लुईव्हिलमध्ये एका संघात होते.

याहून खालून आलेल्यांची गोष्ट प्रश्न १७ मध्ये आहे.

९. पैसा कुठून येतो आणि किती?

दोन वाटांनी. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती आणि करार करून कमावता येतं. १ जुलै २०२५ पासून कॉलेज स्वतःच्या उत्पन्नातून थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा एका कॉलेजला सगळ्या खेळांसाठी मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलर होती. जिथे मोठा फुटबॉल संघ आहे तिथे त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो. म्हणूनच फुटबॉलचा बोजा नसलेल्या बिग ईस्ट कॉन्फरन्समधल्या कॉलेजांना बास्केटबॉलसाठी थोडी मोकळीक आहे. बाहेरच्यांशी केलेला ६०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार आता तपासणीसाठी कळवावा लागतो.

पडलेल्या संघाला एक जास्तीचा भार असतो. जिंकणाऱ्या संघात मुलगा थोड्या कमी पैशांत येतो, हरणाऱ्याला त्याच मुलासाठी जास्त मोजावे लागतात. त्याऐवजी हरणाऱ्या संघाकडे देण्यासारखी एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे खेळायची मिनिटं.

१०. मग भरपूर पैसा असला की झालं?

नाही. नोवेलच्याच कॅन्सस स्टेटकडे परत बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी इलिनॉयच्या कोलमन हॉकिन्सला आणलं. बातम्यांत सुमारे २० लाख डॉलरचा आकडा होता. मिशिगनमधून गार्ड डग मॅकडॅनियलही आला. तो हंगाम १६-१७ वर संपला. यात हॉकिन्सला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तो मुळात इतरांना जोडून घेणारा, पास देणारा उंच खेळाडू. मोठी रक्कम मिळाली म्हणून लोकांनी त्याच्याकडून दर सामन्यात संघ एकट्याने ओढण्याची अपेक्षा धरली. किंमत आणि भूमिका यांची गल्लत झाली की खेळाडू आणि संघ दोघेही भरडले जातात.

११. हायस्कूलच्या मुलांना आता कोणी विचारत नाही का?

विचारतात, पण कमी. पडलेल्या संघाला तातडीने जिंकायचं असतं आणि २२ वर्षांच्या खेळाडूपुढे १८ वर्षांचा मुलगा अंगाने लहान पडतो. तरीही एक-दोन जागा नव्या मुलांसाठी राखाव्यात असं मला वाटतं. आयोवा स्टेट २०२०-२१ मध्ये २-२२ होता, कॉन्फरन्समध्ये तर एकही विजय नाही. टी. जे. ओट्झेलबर्गर आले, पेन स्टेटहून इझाया ब्रॉकिंग्टन आणि मिनेसोटाहून गेब कॅल्शर आले, आणि पॉइंट गार्डची जागा मात्र रसीन गावातल्या टायरीस हंटर या पहिल्या वर्षाच्या मुलाला दिली. संघाला गुण काढणं अवघड जायचं, पण बचाव असा की समोरच्याला श्वास घेऊ देत नसत. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी लुइझियाना स्टेटला (एलएसयू) ५९-५४ आणि विस्कॉन्सिनला ५४-४९ असं हरवलं आणि शेवटच्या सोळांत गेले. पोर्टलमधून तयार नेमबाज मिळणं महाग असताना बचावावर संघ उभा करणं आजही सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मेहनत मात्र त्यालाच सर्वांत जास्त लागते.

१२. खेळाडूने होकार दिला म्हणजे तो आला, असं धरायचं का?

अभ्यासाचं पूर्ण होईपर्यंत नाही. नियमाप्रमाणे दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के, तिसरं संपताना ६० टक्के आणि चौथं संपताना ८० टक्के अभ्यासक्रम पूर्ण असावा लागतो. जुन्या कॉलेजची क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) नव्याने मान्य केली नाहीत तर हे गणित कोलमडतं. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या केलेब लव्हने मिशिगनला होकार दिला होता. क्रेडिट्सवरून प्रवेश अडला, तो अ‍ॅरिझोनाला गेला आणि पुढच्या वर्षी पॅक-१२ कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मिशिगनचा ८-२४ चा हंगाम तोच. पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी असते, म्हणून कडक प्रवेश असलेली विद्यापीठं अशांना पसंती देतात.

१३. एखाद्याचं नाव पोर्टलमध्येही आहे आणि एनबीए ड्राफ्टमध्येही (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत). हे चालतं?

चालतं. ठरलेल्या तारखेपर्यंत ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं तर कॉलेजकडून खेळण्याची पात्रता टिकते. २०२५ मध्ये अलाबामा-बर्मिंगहॅमच्या याक्सेल लेंडेबोर्गने मिशिगनला होकार दिला, ड्राफ्टचीही चाचपणी केली आणि मेअखेरीस नाव मागे घेतलं. तोवर कोचला ती जागा आणि तो पैसा अडकवून ठेवावा लागतो. मोठा संघ हे सोसतो. नुकत्याच पडलेल्या संघाने मुख्य जागेसाठी अशी वाट बघू नये, कारण जूनमध्ये पर्याय उरत नाहीत.

१४. परदेशी खेळाडूंना हेच नियम? भारतातून कोणी गेलं आहे का?

खेळण्याचे नियम सारखे, कमाईचे नाहीत. विद्यार्थी व्हिसावर काम करून पैसे मिळवण्यावर बंधनं असतात, त्यामुळे करार करण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा आणि वकिलाचा सल्ला घ्यावाच. २०२२ मध्ये केंटकीचा संघ बहामाजला खेळायला गेला, तेव्हा काँगोच्या ऑस्कर चिब्वेने जाहिरातींची कामं तिथे, अमेरिकेबाहेर, उरकून घेतली होती.

भारतातून एनबीए अकॅडमीत घडलेला अमान संधू मॉनमथ विद्यापीठाकडून खेळला, तर हरसिमरन कौर सॅन डिएगो विद्यापीठाकडून. आपल्या घरातलं कोणी या वाटेवर असेल तर उंची आणि खेळाबरोबर नववीपासूनचे गुण आणि अभ्यासक्रम नीट जपा. पात्रता तिथूनच तपासली जाते.

१५. नवा संघ एकमेकांत मुरायला किती वेळ लागतो?

उन्हाळ्यात आठ आठवडे मर्यादित तासांचा सराव करता येतो, आणि पूर्ण सराव पहिल्या सामन्याच्या सहा आठवडे आधी सुरू होतो. हे पुरेसं नसतं. लुईव्हिलनेच नोव्हेंबरमध्ये इंडियानाला ८९-६१ असं लोळवलं, पण त्याच स्पर्धेत केसियन प्रायरचा गुडघा गेला आणि १४ डिसेंबरला केंटकीकडून हरल्यावर संघ ६-५ असा होता. शहरात कुरकूर सुरू झाली. त्यानंतर ते २४ पैकी २१ सामने जिंकले, कॉन्फरन्समध्ये १८-२. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात क्रायटनकडून हरले, आणि तरीही तो हंगाम त्या शहराने डोक्यावर घेतला.

त्यामुळे सगळाच संघ नवा असेल तर डिसेंबरपर्यंतच्या निकालांवरून न्याय करू नये. कोचने सामनेही तसेच आखावेत. पहिल्या महिन्यात दोनच कठीण सामने पुरेत, मधे जिंकता येण्याजोगे हवेत. मात्र सगळेच सोपे ठेवले तर मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणारी समिती त्या विजयांना किंमत देत नाही.

१६. ज्यांना जा म्हणून सांगितलं जातं, त्यांचं काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. २०२५ मध्ये पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतले दोन हजारांहून अधिक खेळाडू पोर्टलमध्ये होते. सगळ्यांना चांगली जागा मिळत नाही. बरेच जण खालच्या श्रेणीत जातात आणि काहींना कोणीच बोलावत नाही. नाव टाकल्यावर जुन्या कॉलेजला त्यांची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचं बंधन नसतं.

नव्या कोचला संघ बदलायचा हक्क आहे. पण १९-२० वर्षांच्या मुलाला ‘बघू, जूनमध्ये बोलू’ म्हणत लटकवून ठेवणं क्रूरपणाचं आहे. एप्रिलमध्ये स्पष्ट सांगितलं तर त्याला बाजारात वेळ मिळतो. चांगले कोच त्याच्यासाठी स्वतः इतर कॉलेजांना फोन करतात. माझ्या लेखी कोचची पारख करायची ही एक खरी जागा आहे, आणि पुढच्या वर्षी पालकांशी बोलताना हेच त्याच्या कामी येतं.

१७. छोट्या कॉलेजांनी काय करायचं? त्यांचे तर सगळे चांगले खेळाडू पळवले जातात.

पळवले जातात, हे खरं आहे. इंडियाना स्टेटने २०२३-२४ मध्ये ३२ सामने जिंकले, आणि लगेच कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले, मागोमाग रॉबी अविला हा लोकांचा लाडका उंच खेळाडूही.

पण छोट्यांनाही त्यांच्याखाली बघता येतं. २०२४ मध्ये ड्रेकचा कोच गेला आणि संघ रिकामा झाला. दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटहून बेन मॅकॉलम आले आणि आपले चार खेळाडू घेऊन आले. दुसऱ्या श्रेणीतली मुलं इथे कशी टिकणार, असं लोक म्हणत होते. ड्रेकने संथ, शिस्तीचा खेळ केला. बेनेट स्टर्ट्झ जवळपास पूर्ण सामना मैदानावर असायचा. संघ ३१-४ झाला. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी कोणाला हरवलं? आपल्या सुरुवातीच्या तिघांतल्या मिसूरीला, ६७-५७.

मिसूरीचीही दखल इथेच घेतो, कारण ‘कोच न बदलता संघ सुधारतो का’ असंही बरेच विचारतात. डेनिस गेट्स यांनी कॉन्फरन्सचे सर्व १८ सामने हरल्यावरही विद्यापीठाने त्यांना ठेवलं. ड्यूकहून मार्क मिचेल आला, पण टमार बेट्स, अँथनी रॉबिन्सन आणि मनगटाच्या दुखापतीने बहुतेक वर्ष बाहेर असलेला केलेब ग्रिल हे जुनेच होते. पुढे राष्ट्रीय विजेता ठरलेल्या फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर या संघाने ८३-८२ असं हरवलं. दुखापतींनी पडलेला संघ आणि मुळातून बिघडलेला संघ यांतला फरक व्यवस्थापनाने ओळखला, याचं श्रेय द्यायलाच हवं.

१८. महिलांच्या बास्केटबॉलमध्येही असंच चालतं का?

हो. एलएसयूचा महिला संघ २०२०-२१ मध्ये ९-१३ होता. किम मल्की आल्या, पहिल्याच वर्षी २६ विजय, आणि दुसऱ्या वर्षी मेरिलँडहून आलेल्या एंजल रीससह जवळपास नव्याने भरलेल्या संघाने आयोवाला १०२-८५ असं हरवून २०२३ चं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. जागांची मर्यादा तिथेही १५ आहे (प्रश्न ४). पैसा कमी आहे, त्यामुळे कोचवरचा विश्वास जास्त मोजला जातो.

१९. एका उन्हाळ्यात उभा केलेला संघ पुढे टिकतो का?

आपोआप नाही. प्रश्न ११ मधला टायरीस हंटर आठवतो? कॉन्फरन्समधला पहिल्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आयोवा स्टेटला शेवटच्या सोळांत नेलं, आणि काही आठवड्यांत टेक्ससला गेला. लुईव्हिलचे हेपबर्न, एडवर्ड्स आणि स्मिथ यांची कॉलेजकडून खेळण्याची पात्रता एका वर्षातच संपली. ड्रेकहून तर मॅकॉलम आयोवाला गेले आणि स्टर्ट्झही.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची संख्या आधीच ठरवावी. १५ पैकी दहा जण जाणार असतील तर पुढच्या एप्रिलला परत शून्यापासून सुरुवात. तीन-चार जण दोन वर्षं उरतील असे घेतले, त्यांचा पुढच्या वर्षाचा करार हंगाम चालू असतानाच बोलून ठेवला, तर बरंच हाती राहतं. ओट्झेलबर्गर यांना हंटर गेल्यावरही हे जमलं, कारण बचावाची पद्धत खेळाडूंबरोबर गेली नाही. २०२४ मध्ये आयोवा स्टेट पुन्हा शेवटच्या सोळांत होता, त्या वर्षी बिग १२ कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून.